वाट्याचे प्रश्न

दिघोरी, ता. लाखांदूर
२० जुलै २०२५

प्रिय अनुप,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू "हो ताई, ठीक ताई" याच्या पुढं जातच नाहीस, म्हणून आता मेल लिहून राहिली. निवांत वाच अन् निवांत उत्तर दे. घाई नाही.

परवा सानगडीले गेली होती. मामी विचारत होती, "अनुप आजकाल भरदुपारी फोन उचलते, ऑफिसात नाही जात का?" मी म्हटलं, मामी, आता लोक घरूनच काम करतात. बरोबर बोलली ना मी?

आता मुद्द्याचं. तू मागच्या वर्षी माह्यासाठी बनवून दिलेलं मोबाईलवरचं 'नाव सांग' आमच्या आरोग्य केंद्रात मस्त चालून राहिलं. लोक येतात अन् इकडच्या बोलीतलं नाव सांगतात. अमक्याचा पाला वाटून जखमेवर लावला, तमक्याचं मूळ उगाळून प्यालो, असल्या किड्यानं चावलं. आमच्या नव्या डॉक्टर, मनाली मॅडम, कोल्हापूरकडच्या आहेत. हुशार आहेत, पेशंटवर ओरडत नाहीत. पण इकडची नावं त्यायले कुठून माहीत असणार? अर्धी तं मलेही माहीत नसतात. नाव टाकलं की तुहं यंत्र त्या नावाच्या जेवढ्या म्हणून वनस्पती अन् किडे असतील ते सगळे फोटोसकट पुढं ठेवते. परवा मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, हे कोणी केलंय?" मी म्हटलं, माह्या मामेभावानं. मान ताठ करून म्हटलं.

एकच कटकट आहे. कधी कधी लाल पट्टी येते, 'प्रश्नांची मर्यादा संपली, थोड्या वेळाने या.' आम्ही दिवसातून चार-पाचच नावं विचारतो, मंग मर्यादा काहून संपते? कोणाची आहे ही मर्यादा? मले समजेल असं सांग.

इकडे धानाची रोवणी जोरात आहे. सगळं गाव शेतात, बांधीत, त्यामुळं दुपारी केंद्रात आम्ही माश्या मारत बसतो. संध्याकाळी मात्र सगळे एकदमच येतात, कोणाचा पाय कापलेला तं कोणाले ताप.

जेवत जा नीट.

तुही
भावनाताई


पुणे
२४ जुलै २०२५

प्रिय ताई,
जय भीम.

आईला जे सांगितलंस ते बरं केलंस. काम घरूनच चालू आहे आणि भरपूर आहे.

मर्यादेचं सांगतो. 'नाव सांग' स्वतः काहीच जाणत नाही. 'मुक्तसाठा' नावाचा एक सार्वजनिक ज्ञानसंच आहे. जगभरचे लोक त्यात आपापली माहिती भरतात आणि कोणीही तिथे फुकट प्रश्न विचारू शकतं. तू नाव टाकलंस की माझा प्रोग्राम तिकडे जाऊन विचारतो आणि उत्तर घेऊन तुझ्याकडे येतो. तिथे विचारताना आपली ओळख द्यावी लागते. तुझं यंत्र माझ्याच ओळखीवर चालतं. प्रत्येक ओळखीला ठरावीक वाटा असतो, मिनिटाला अमुक इतके प्रश्न. त्याच्या वर गेलं की लाल पट्टी. तरी ऐकलं नाही तर काही तासांची बंदी.

खरं सांगू? मला हा कंजूषपणा वाटतो. ज्ञान सगळ्यांचं म्हणायचं आणि द्यायचं मोजून मापून! माझी तर त्यांच्याशी रोज मारामारी चालू आहे. मी एक खेळ बनवतोय, फोनवर खेळायची प्रश्नमंजूषा. खेळणाऱ्याचं गाव, वय, आवड बघून प्रश्न आपोआप तयार होतात. चार ऑगस्टला काही मोठ्या लोकांना तो दाखवायचा आहे. आवडला तर ते पैसा लावतील. पण त्याआधी मुक्तसाठ्यातून प्रचंड माहिती ओढून घ्यायची आहे आणि हे लोक चमच्या-चमच्यानं देतात. असो, त्यावरही युक्ती सापडेल.

तुला लाल पट्टी दिसली तर चहा पिऊन ये. तोवर सुटते.

तुझा
अनुप


दिघोरी
५ ऑगस्ट २०२५

अनुप,

जय भीम. आज इकडची-तिकडची खुशाली नाही. रविवारपासून डोकं भरून आहे, ते सांगते.

आमच्या क्वार्टरच्या मागं राहतात त्या सुमनबाई तुले आठवत असतील. तू आला होतास तेव्हा त्यायनं अंबाडीची भाजी पाठवली होती. त्यायचे मालक केशवराव वरठीच्या कारखान्यातून रिटायर होऊन गावी परत आले, आता शेती करतात. रविवारी दुपारी सुमनबाई शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून रानकंद खणून आणायले गेल्या. कंद उकडले, मीठ लावून खाल्ले. त्यात एक भलताच आला. कडू लागला म्हणून अर्धा थुंकला, पण अर्धा पोटात गेला होता. संध्याकाळी उलट्या अन् जुलाब. केशवरावनं मोटारसायकलवर मागं बसवलं, पडू नये म्हणून दुपट्ट्यानं आपल्या कमरेले बांधलं अन् भर पावसात घेऊन आले.

मॅडमनं विचारलं, "मावशी, काय खाल्लंत?"

"बचनाग होता वाट्टे जी. कडूशार लागला."

मॅडमचा चेहराच बदलला. "बचनाग? सिस्टर, ईसीजी लावा. लगेच."

मंग बाजूले नेऊन मले म्हणाल्या, हे विष हृदयावर जाते, ठोके बिघडवते, जे व्हायचं ते पहिल्या काही तासातच होते. रात्र नीट निघाली तं समजायचं वाचल्या. भंडाऱ्याले न्यायले अॅम्ब्युलन्स बोलावली, पण नाल्याचं पाणी रस्त्यावर चढलं होतं. ती तिकडच्या काठावर थांबली अन् आम्ही इकडच्या. सलाईन लावलं, मॅडम पेशंटजवळच खुर्ची टाकून बसल्या.

मी नेहमीसारखं 'नाव सांग' उघडलं अन् बचनाग टाकलं. लाल पट्टी. चहा पिऊन आली, पुन्हा लाल पट्टी. या वेळी तं वेगळंच लिहून आलं, 'या ओळखीचे सर्व प्रश्न थांबवले आहेत. उद्या या.' उद्या! दवाखान्यात उद्या काय करायचं असते बाप्पा? मोबाईलवर दुसरीकडं शोधलं, तं हिमालयातलं निळ्या फुलाचं झाड आलं अन् मॅडम म्हणाल्या तेच हृदयाचं लिहून होतं. मीही म्हटलं, मंग तेच असणार.

ईसीजी चांगले निघाले. सकाळी सुमनबाई उठून बसल्या, चहा मागितला. उलट्या बंद. केशवराव म्हणाले, "मॅडम, सोडून द्या जी. रोवणीचे मानसं येऊन बसले." मॅडमनं पुन्हा तपासलं, सगळं बरोबर होतं. त्यायनं सुटीचा कागद लिहायले घेतला.

मी केस पेपरवर नाव चढवत होती. शास्त्रातलं नाव लिहावं लागते, म्हणून पुन्हा यंत्र उघडलं अन् ते चाललं. बचनाग म्हणून दोन झाडं पुढं आली. एक ते हिमालयातलं. दुसरी आपल्याकडची वेल, कळलावी, तिलेच खड्यानागही म्हणतात. मी फोन केशवरावसमोर धरला.

"हेच तं!" ते म्हणाले. "कुंपणावर चढते. लाल-पिवळे फुलं, पंजा उघडल्यावानी."

मॅडमनं फोन हातात घेतला. त्या वेलीत कोणतं विष असते ते खाली लिहून होतं, कोल्चिसीन. तेवढं एक नाव वाचलं अन् त्यायनं पेन खाली ठेवला. "सिस्टर, यांना बरं वाटतंय ना, ते फसवं आहे. हे विष थांबून वार करतं. खरा त्रास अजून यायचाय." लगेच भंडाऱ्याले फोन केला, तिथल्या मोठ्या डॉक्टरशी बोलल्या. पाणी उतरलं होतं. अॅम्ब्युलन्स आली.

आज केशवरावचा फोन होता. रक्तातल्या पेशी घसरून राहिल्या, लघवी कमी झाली, आयसीयूत ठेवलं आहे. डॉक्टर म्हणतात वेळेवर आणलं. पुढचं सांगता येत नाही.

अनुप, मॅडम कागदावर सही करणारच होत्या. थोडं मागंपुढं झालं असतं तं सुमनबाई आज बांधीतल्या चिखलात उभ्या असत्या अन् तिथंच पडल्या असत्या. रविवारी संध्याकाळीच ही वेल दिसली असती तं मॅडमनं तेव्हाच पुढचे फोन केले असते. मले सांग, काहून बंद होतं? त्या मुक्तसाठावाल्यायले चांगलं झणझणीत लिही. इथं माणूस मरायले टेकते अन् हे लोक मापटं घेऊन बसतात.

भावनाताई


पुणे
७ ऑगस्ट २०२५

ताई,

मेल वाचला. सुमनबाई कशा आहेत? पेशी वाढल्या का? लघवीचं काय झालं?

तक्रारीचं मी बघतो. तू त्यात पडू नकोस, त्या तांत्रिक गोष्टी आहेत. 'नाव सांग' आता नीट चालेल, मी व्यवस्था केली आहे.

तू विचारलं नाहीस, पण सोमवारी खेळ दाखवला. लोकांना आवडला.

सुमनबाईंचं रोज कळव. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

अनुप


दिघोरी
१० ऑगस्ट २०२५

प्रिय अनुप,

आधी चांगली बातमी. पेशी कालपासून घसरायच्या थांबल्या. लघवी सुरू झाली. सुमनबाई बोलतात, पण आवाज एवढासा झाला आहे. मी काल सुटी काढून भंडाऱ्याले जाऊन आली. केशवराव वऱ्हांड्यात दुपट्टा अंथरून राहून राहिले. मले पाहून उठले अन् डबा हातातून घेतला.

आता तुह्याबद्दल. तुही मेल दोनदा वाचली. एवढी कोरडी मेल तू मले कधीच लिहिली नव्हतीस. माह्या बोलण्याचा राग आला का? आपण बनवलेलं ऐन वेळी नाही चाललं म्हणून मनाले लावून घेतलं असशील, तं तसं करू नको. तुही काय चूक? सोमवारी त्यानंच वाचवलं. मॅडमनं भंडाऱ्याच्या डॉक्टरले सांगितलं, सिस्टरच्या भावानं बनवलेल्या यंत्रावरून कळलं. ते म्हणाले, त्या भावाले शाबासकी द्या. तं घे.

अन् तक्रारीचं मी तुह्यावर सोडलं नाही. तुले खेळाच्या कामात वेळ नसणार. मॅडम अन् मी मिळून मुक्तसाठावाल्यायले चिठ्ठी पाठवली, मराठीतच. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय विचारलं अन् काय उत्तर आलं, सगळं लिहिलं. पाहू काय म्हणतात.

तुहा खेळ लोकायले आवडला ना? मंग असा तोंड पाडून काहून लिहितोस?

तुही
भावनाताई


पुणे
१३ ऑगस्ट २०२५

ताई,

तू त्यांना लिहिलंस म्हणजे आता त्यांचं उत्तर येईल. पण त्यासाठी नाही, मला स्वतःलाच सांगायचंय. सात तारखेला लिहायला बसलो होतो तेव्हाही सांगायचं होतं. पेशी घसरल्या हे वाचलं आणि खेळ आवडला एवढंच लिहून पाठवलं.

रविवारची बंदी माझ्यामुळे लागली.

मे महिन्यात माझी नोकरी गेली. आमची सगळी टीमच काढली. घरी सांगितलं नाही, तुलाही नाही. हा खेळ उभा राहिला की एकदमच सांगू असं ठरवलं होतं. रविवारी, दाखवण्याच्या आदल्या दिवशी, माझ्याकडे निम्मीही माहिती जमली नव्हती. म्हणून माझ्या ओळखीवरून सगळा जोर लावला. मुक्तसाठ्याकडून निरोप आला की वेग कमी करा, बाकीच्यांना उत्तरं मिळत नाहीत. मी वेग वाढवला. दुसरा निरोप आला. मी आणखी दोन खोट्या ओळखी उघडल्या आणि तिन्हीवरून ओढायला लागलो. संध्याकाळी त्यांनी तिन्ही बंद केल्या. तोवर मला हवं होतं ते बहुतेक मिळालं होतं. ती लाल पट्टी मीही पाहिली, ताई. हसलो आणि जेवायला बाहेर गेलो.

'नाव सांग' त्याच ओळखीवर चालतं हे मीच तुला लिहिलं होतं. त्या वेळी मला ते आठवलंसुद्धा नाही. तू दवाखान्यात पुन्हा पुन्हा नाव टाकत होतीस आणि मी इकडे पनीर मागवत होतो.

दुसऱ्या दिवशी खेळ दाखवला, टाळ्या पडल्या. ते लोक परत बोलावताहेत. मला जावंसं वाटत नाही.

'नाव सांग' मी महिनाअखेर बंद करतो. असं काम जबाबदार माणसाच्या हातात हवं. मॅडमना सांग, एखादी सरकारी सोय बघा. शाबासकीचं कोणाला काही सांगू नकोस.

सुमनबाईंना काय सांगायचं ते तू ठरव.

अनुप


दिघोरी
१७ ऑगस्ट २०२५

अनुप,

जय भीम.

मुक्तसाठावाल्यायचं उत्तर बारा तारखेलेच आलं होतं. तुही मेल यायच्या आदल्या दिवशी. मले सगळं माहीत होतं.

त्यायनं फार सभ्य लिहिलं. आम्ही थोडेच जण आहोत, आपापली नोकरी सांभाळून हे चालवतो. त्या रविवारी एका ओळखीकडून इतके प्रश्न आले की बाकी सगळ्यांची रांग अडली. दोनदा निरोप पाठवला, मग थांबवलं. तुमचं आरोग्य केंद्र त्याच ओळखीवर चालतं हे माहीत असतं तर तेवढं दार उघडं ठेवलं असतं. झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी. असं त्यायनं लिहिलं. क्षमा त्यायनं मागितली! अन् ओळखीचं नाव लिहिलं होतं, 'सानगडीकर'. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, हे सानगडी तुमच्याच भागात ना?" मी म्हटलं, हो. अन् पुढच्या पेशंटले हाक मारली.

तुह्यावर इतकी चिडली होती की त्याच दिवशी फोन करणार होती. मंग म्हटलं, थांबावं. हा स्वतः सांगते का पाहू. दुसऱ्या दिवशी तुही मेल आली तं मी केंद्राच्या पायरीवर बसून रडली. रागानं रडली का बरं वाटलं म्हणून, मलेही सांगता नाही येत. राग अजून आहे. तो एवढ्यात जाणार नाही, हे सांगून ठेवते.

पण एक सांग, बंद करतो म्हणजे काय? कालच एका म्हाताऱ्यानं अंगाले कसला तरी चीक लावून घेतला, सगळं अंग फोडांनी भरलं. त्याचं झाड पाच मिनिटात सापडलं. ते तू बंद करणार काहून? तुले स्वतःचं तोंड लपवायचं आहे म्हणून? बनवलं तू, पण आता बंद करायचा हक्क तुह्या एकट्याचा राहिला नाही.

त्या लोकायनं शेवटी आणखी एक लिहिलं आहे. आम्हाले लागते तेवढा भाग, झाडं, किडे, साप अन् त्यायची नावं, एकदाच उतरवून घ्यायचा अन् आपल्या कॉम्प्युटरवर ठेवायचा. त्याले मर्यादा नाही, परवानगी लागत नाही, पैसे नाहीत. मंग नेट नसलं तरी चालते. तुले हे आधीपासून माहीत होतं का? असणारच. तुहं डोकं त्या खेळात होतं.

मले ते उतरवता येत नाही. तुले येते. केंद्रात एक जुना कॉम्प्युटर पडून आहे. ये.

सुमनबाई शुक्रवारी घरी आल्या. केस मूठ-मूठ गळून राहिले, डॉक्टर म्हणतात पुन्हा येतील. त्यायले मी काहीच सांगितलं नाही. ते तुहं काम आहे.

अन् नोकरीचं मामीले सांगून टाक.

भावनाताई


पुणे
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

काल पोचलो. खोलीत बुरशी आली होती, ती पुसून लिहायला बसलो.

तुझ्याकडे होतो तोवर रोज काहीतरी काम निघत होतं, त्यामुळे बोलायचं राहूनच गेलं. तो कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दोन दिवस लागले हे बरं झालं, मॅडमसमोर मान वर करायला मला तेवढा वेळ लागणारच होता. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मीसुद्धा एकच बचनाग धरून बसले होते. आता पुढचं बघू." एवढंच. आणि लगेच विचारलं की कोणत्या झाडाचं कोणतं विष, हे नावाच्या शेजारीच मोठ्या अक्षरात दिसेल का. तो बदल सगळ्यात उपयोगी ठरला.

सुमनबाईंकडे मी एकटाच गेलो होतो, तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. त्या ओसरीत डोक्याला रुमाल बांधून तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. खेळ, निरोप, खोट्या ओळखी. त्यांना किती कळलं मला माहीत नाही. पण माझ्यामुळे रविवारी उत्तर आलं नाही, हे मी अगदी सरळ शब्दांत सांगितलं.

त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मंग आता ते नीट झालं का?"

मी म्हटलं, "हो. आता कोणी बंद करू शकत नाही. मीसुद्धा नाही."

"मंग चहा पी."

केशवराव दारात उभे होते. परवा त्यांनीच मला मोटारसायकलवर वरठीला स्टेशनवर सोडलं. गाडी यायची वेळ झाली तेव्हा म्हणाले, "पोरा, तुह्यावर राग होता माहा. अजून आहे थोडा." मी म्हटलं, "असू द्या जी." ते म्हणाले, "पुढच्या वेळी आलास तं बांधीत ये. निंदन काढू लागशील." आणि माझी बॅग डब्यात चढवून दिली.

आईला सानगडीत सांगितलं. ती म्हणाली, "मले मे महिन्यातच कळलं होतं. तुह्या आवाजावरून. तू सांगशील तेव्हा सांगशील म्हटलं." तुम्ही दोघी सारख्याच आहात.

त्या मोठ्या लोकांना मी तिकडूनच खरं लिहून पाठवलं होतं. माहिती कशी ओढली होती ते, आणि यापुढे तसं करणार नाही तेही. स्वतःचा साठा उभा करून खेळ चालवायचा तर वेळ लागेल. त्यांचं उत्तर आलं, "नंतर बघू." म्हणजे नाही. मले वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. रात्रभर तोच विचार येत होता. पण नागपूरच्या एका लहान कंपनीत बोलावणं आहे. पगार पुण्यापेक्षा कमी, दवाखान्यांची कामं करतात. तुह्या मॅडमनं बोट ठेवलेली ती मोठ्या अक्षरांची पाटी त्यायले दाखवली, तं म्हणाले, सोमवारपासून येता का?

मुक्तसाठ्यालेही लिहिलं. खोट्या ओळखी मिटवल्या. तिकडून एकाच ओळीचं उत्तर आलं, 'कळवल्याबद्दल आभार. भरायला काही असेल तर भरा.' म्हणून आपण केंद्रात बसून जमवलेली सगळी नावं भरून टाकली. ज्यायनं नाव सांगितलं त्यायच्या गावासकट.

तुहा
अनुप


दिघोरी
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय अनुप,
सप्रेम जय भीम.

दीक्षाभूमीले तुले गर्दीत पाहिलं अन् हात हलवला, तू ओळखीच्या पोरांसंगं बोलत होतास. मामी म्हणाली, राहू दे, बोलू दे त्याले. किती दिवसांनी असा हसून बोलताना दिसला. नागपूरचं पाणी मानवलं म्हणायचं.

इकडे सुमनबाईच्या डोक्यावर बारीक बारीक केस आले, पोरासारखे. रुमाल सोडून फिरतात आता. कालच धुऱ्यावर गेल्या होत्या, पण कंद खणायले नाही. केशवरावनं ती वेल शोधून काढली अन् तिच्याजवळ खुंटी ठोकून लाल चिंधी बांधली. उपटली काहून नाही विचारलं, तं म्हणाले, औषधाले लागते ते कोणाले. फक्त कळलं पाहिजे.

आपला जुना कॉम्प्युटर चालून राहिला. गेल्या आठवड्यात दोन दिवस नेट नव्हतं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. बाजूच्या केंद्रातल्या सिस्टर येऊन पेन ड्राइव्हवर घेऊन गेल्या. तुले सांगायचं राहून गेलं, विचारलंही नाही. चालते ना?

अन् आता खरी गोष्ट. काल मुक्तसाठावाल्यायचा निरोप आला. आरोग्य केंद्राच्या नावानं आपली वेगळी ओळख त्यायनं मंजूर केली. शिवाय झालं-गेलं लक्षात घेऊन आपला वाटा दहापट वाढवून देतो म्हणतात. मॅडम खूश झाल्या. मलेही आधी बरं वाटलं. जुलैत कोणी असं म्हटलं असतं तं मी पेढे वाटले असते.

मंग दुपारी पेशंट नव्हते तेव्हा विचार करत बसली. त्या रविवारी रांगेत मी एकटीच नव्हती. आपल्यासारखे आणखी किती जण लाल पट्टी पाहत बसले असतील, कुठल्या देशात, काय अडलं असेल त्यायचं, मले कधीच कळणार नाही. मंग मी उत्तर लिहिलं. ओळख राहू द्या, ती लागेल. वाढीव वाटा नको. आमचं काम आता घरच्या साठ्यावर चालते, नवीन काही आलं का एवढं पाहायले दिवसातून एखाद वेळ येऊ. जागा मोकळी ठेवा, कोणी अडलेला असन.

पाठवायच्या आधी मॅडमले वाचून दाखवलं, शुद्धलेखन तपासायले. त्यायनं पेन घेतला, एक-दोन ठिकाणी काना-मात्रा सुधारला. शेवटच्या ओळीवर थांबल्या. मी म्हटलं, "तिथं 'असेल' करू का?"

"नको सिस्टर," त्या म्हणाल्या. "'असन'च राहू द्या. इकडची नावं भरलीत ना आता आपण तिथं, हा शब्दही जाऊ दे. कोणाला नाही कळलं, तर विचारतील."

तुही
भावनाताई